काचघराशेजारची फरसबंदी

काचघराचं दार बोटभर उघडलं आणि अडकलं. मी कडी पुन्हा ओढली. खाली अॅल्युमिनियमची चौकट पेव्हर ब्लॉकच्या कडेवर खर्रकन घासली आणि दार जिथल्या तिथे राहिलं. आधी वाटलं, वाळूतला खडा अडकला असेल. चर्चमधून नुकताच आलो होतो, अंगात सूट होता, तसाच वाकलो आणि फटीत बोट घालून चाचपलं. खडा नव्हता. दाराची खालची कड उंबऱ्याला टेकलेली होती, खाली जराही फट नव्हती, आणि माझी फरसबंदी उंबऱ्याला बरोबर भिडवलेली होती, पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध ठेवून. दार बाहेर उघडतं. एकोणचाळीस वर्षं ते बाहेरच उघडत आलं आहे. हे मला इतकं माहीत होतं की आठवडाभरात एकदाही मनात आलं नाही. घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. दोन वाजता लोइस तिच्या आईला घेऊन येणार होती. आणि आज रविवार होता.

रीका, माझी बायको, नोव्हेंबरपासून शुश्रूषागृहात आहे. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं हळू झालं, पण डोकं शाबूत आहे. तिथल्या पोरी तिच्याशी बाळाशी बोलावं तसं बोलायला लागल्या की ती त्यांच्याकडे अशी बघते की त्यांचा आवाज आपोआप वयात येतो. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, हवा उबदार झाली की एखादी दुपार घरी न्यायला हरकत नाही. आमच्या मुलीनं, लोइसनं, तिला विचारलं, घरी गेल्यावर काय करू या? मला वाटलं ती स्वयंपाकघर म्हणेल, नाहीतर पियानो. ती म्हणाली, काचघरात बसायचंय. मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली की पण चाकाची खुर्ची तिथवर जाणार कशी, मधे हार्लनची खडी आहे. लोइस हसली. मीही हसलो. गाडीत येऊन बसल्यावर मात्र किल्ली फिरवायचं मला बराच वेळ सुचलं नाही.

हार्लनची खडी अकरा वर्षं परसात पडून होती. घराचं मागचं दार आणि काचघर यांच्यामधली चौदा फूट जागा. रीकाचं म्हणणं एवढंच होतं की तिथे दोन खुर्च्या टेकता येतील असं काहीतरी कर, रोपांना पाणी घालून झालं की कॉफी पीत बसू. मी अडतीस वर्षं कौंटीच्या रस्ते खात्यात काढलेली. रस्ता कुठे खचतो आणि का खचतो हे सांगण्याचा मला पगार मिळत होता. मी तिला समजावलं की मिशिगनच्या थंडीत जमीन साडेतीन फूट गोठते, फुगते, वरचं सगळं उचलून टाकते. खाली नीट भराव नसेल तर दोन हिवाळ्यांत ब्लॉक दातांसारखे वरखाली होतील. आठ इंच खोदायला हवं, सहा इंच खडी, तीही दोन थरांत दाबून, आणि दाबल्यावर एक हिवाळा ती तशीच बसू द्यायची. ती म्हणाली, "मला खुर्ची टाकायचीय हार्लन, विमान नाही उतरवायचं." खोदलं, खडी टाकली, एक हिवाळा बसू दिली. वसंतात एका कोपऱ्यात अर्धा इंच खचलेली दिसली, म्हणून उकरली. मग मी निवृत्त झालो आणि वेळच वेळ झाला, त्यामुळे काहीच झालं नाही. शेजारचा यूजीन डीकेमा कुंपणाच्या झुडपांवरून डोकं काढून विचारायचा की देवानं अख्खं जग सहा दिवसांत उरकलं, तुझं एवढ्याशा तुकड्यावर काय चाललंय? मी म्हणायचो, त्याचा उतार बघितलास का, सगळं पाणी समुद्रात साचलंय. हा विनोद आम्ही दरवर्षी करत होतो. रीका तेवढ्यात हातात झारी घेऊन खडीवरून तोल सांभाळत काचघरात जायची. घोट्यात पाय मुरगळून ती दोनदा पडलीही होती. पण ती कधी खडीबद्दल बोलली नाही. तिला एखादी गोष्ट खरोखर लागली की ती त्या गोष्टीचं नाव घेणंच बंद करते, हे मला लग्नानंतर सहाव्या वर्षी कळलं होतं.

या आठवड्यात मात्र सगळं झालं. सोमवारी भाड्याच्या मशीननं भराव पुन्हा दाबला, मंगळवारी दोन पाइप समांतर ठेवून त्यांवरून फळी ओढत वाळूचा इंचभर थर सपाट केला, बुधवारपासून ब्लॉक. गुडघ्यांना पट्टे बांधून, एकेक ब्लॉक शेजारच्याला चिकटवून वरून सरळ खाली सोडायचा, रबरी हातोड्यानं दोनदा ठोकायचं, पुढचा. कडेचे ब्लॉक कापताना सिमेंटची धूळ उडायची, आणि आत टोमॅटोची रोपं होती, तिच्या वहीत बघून मीच लावलेली. म्हणून दाराच्या चारी फटींना चिकटपट्टी लावून ते बंद करून टाकलं आणि पाणी मागच्या झरोक्यातून नळीनं घातलं. चाकं कुठेही अडखळू नयेत ही एकच गोष्ट डोक्यात होती. घराच्या दारापासून काचघराच्या उंबऱ्यापर्यंत कुठे नखाएवढीही पायरी नको. शेवटची रांग उंबऱ्याला भिडवली तेव्हा मी त्यावरून तळवा फिरवून बघितला आणि डोळे मिटून सांगता येईना की ब्लॉक कुठे संपला आणि उंबरा कुठे लागला. त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं. शनिवारी सांधे भरायला वाळू झाडली, भाड्याचं मशीन दुकान बंद व्हायच्या आत परत केलं, आंघोळ केली, आणि माझ्या आईच्या घरी व्हायचं तसे रविवारचे बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात टाकले. चिकटपट्टी काढायची तेवढी राहिली. म्हटलं, ते काही काम नाही, उद्या काढू. आज चर्चमधून आल्यावर ती सोलून काढली आणि मग दार ओढलं.

आमच्याकडे रविवार कसा असतो हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. आमचे आजे-पणजे हॉलंडहून आले ते दलदल उपसायला आणि रविवारी काही न करायला. लहानपणी रविवारी सायकल नाही, चेंडू नाही, कात्री नाही. सकाळी एकदा चर्च, संध्याकाळी एकदा चर्च, मधे जेवण आणि झोप. प्रवचन सुरू झालं की रीका न बघता माझ्या तळहातावर एक पेपरमिंट ठेवायची. आज मी खिशातून स्वतःची काढली आणि कागदाचा आवाज तीन बाकांपर्यंत गेला. गाय असली तर दूध काढावं लागतं, ते चालतं. आजाऱ्याचं करावं लागतं, ते चालतं. गवत कापणं चालत नाही, खिळा ठोकणं चालत नाही. आता कोण एवढं पाळतं? लोइस रविवारी बाजारहाट करते. यूजीनची नातवंडं रविवारी फुटबॉल खेळतात आणि तो बघायला जातो. पण मी बाहत्तर वर्षांत रविवारी एकही अवजार हातात धरलेलं नव्हतं. याचा मला अभिमान होता असं म्हणता येणार नाही. अभिमान मी एका विशिष्ट रविवारपर्यंत बाळगला होता. त्यानंतर ते पाळत राहिलो ते वेगळ्या कारणानं. एकदा मोडलं असतं तर त्या रविवारीही मोडता आलं असतं असं ठरलं असतं.

मार्च महिना, चौतीस वर्षांपूर्वीचा. आदल्या ऑक्टोबरात रीकाची आई गेली होती. तिच्या मागे राहिलं काय, तर कॉफीच्या डब्यांत लावलेली एकोणीस जिरेनियमची झाडं. ती तिच्याही आईकडून आलेली, फांद्या तोडून तोडून पुढे चालवलेली, गुलाबी आणि लालच्या मधला रंग, जो दुकानात मिळत नाही. त्यांच्यासाठीच रीकानं तो हिवाळाभर काचघरात शेगडी तेवत ठेवली होती. त्या रविवारी जेवण चाललं असताना वाऱ्यानं मॅपलची फांदी मोडून काचघराच्या छपरावर पडली आणि दोन काचा फुटल्या. बाहेर गोठण्याच्या खूप खाली होतं आणि रात्री आणखी उतरणार होतं. रीका उठून बघून आली. म्हणाली, दोन काचा आहेत, गराजमध्ये जादा काचा आहेत, शिडी मी धरते. मी म्हणालो, उद्या सकाळी सहाला करतो. ती म्हणाली, झाडं सकाळपर्यंत राहणार नाहीत. आणि मी, अडतीस वर्षांचा धडधाकट माणूस, गळ्यात टाय, काटा हातात, तिला सांगितलं की गाय असती तर गोष्ट वेगळी होती. फुलझाड जनावरात मोडत नाही. हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. किती व्यवस्थित बोललो होतो मी.

टेबलावर माझे वडील होते. चर्चच्या पंचमंडळातले वडीलधारे, दर रविवारी जेवायला यायचे. रीका बोलायला लागली तेव्हा ते कॉफीत चमचा ढवळत होते आणि तो चमचा थांबला. एवढंच. ते बोलले नाहीत, त्यांनी वर बघितलं नाही. देवाला त्या दुपारी मी किती भ्यालो हे मला सांगता येणार नाही, पण तो चमचा थांबलेला मला ऐकू आला, आणि माझं वाक्य पूर्ण झाल्यावर तो पुन्हा फिरायला लागलेलाही ऐकू आला. रीका एकटीच गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ती दिसत होती, रविवारच्या झग्यावर माझा जुना कोट, घरातल्या सगळ्या गोधड्या नेऊन झाडांवर टाकत होती. छपरावर तिचा हात पोचत नव्हता. एकदा तिनं डबा उलटा ठेवून त्यावर चढून बघितलं. मी खिडकीपाशी उभा होतो, आणि तिनं एकदा मागे वळून बघितलं तेव्हा मी पडदा सोडला. तिला मी दिसलो होतो की नाही, हे मी चौतीस वर्षांत विचारलेलं नाही.

सोमवारी सकाळी सहाला, बोलल्याप्रमाणे, मी शिडी लावली. दोन्ही काचा बसवून, कडेनं पुट्टी भरून खाली उतरलो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. कामाची वेळ बघायची सवय, त्यामुळे नको ते लक्षात राहतं. आत एकोणीसच्या एकोणीस झाडं काळी पडून, उकडलेल्या पाल्यासारखी डब्यांच्या कडांवरून लोंबत होती. रीकानं ती एकेक करून उपटली, डबे धुतले, पालथे घातले. मला चहा दिला. नंतर तिनं काचघरात टोमॅटो लावले, मिरच्या, पॅन्सी, सगळं लावलं. जिरेनियम कधी नाही, आणि तो शब्दही नाही. नव्या दोन काचांचा रंग जराशा हिरवटपणाकडे झुकतो. उन्हात त्या दोन चौकोनांची सावली वेगळी पडते, आणि ती कुठल्या वेळी कुठल्या फळीवर असते हे मला ठाऊक आहे. वडील जायच्या वर्षी, मी त्यांची दाढी करत असताना, एकदा मधेच म्हणाले, "त्या काचा. तू उठला असतास तर मी शिडी धरली असती." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत. ते म्हणाले, "मला वाटलं, तुलाच ते पटत नाहीये." मी वस्तरा धुतला आणि दुसरा गाल करायला घेतला. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो आणि झाडं बायकोची गेली.

हे सगळं मला दाराशी उकिडवं बसून आठवलं, की आठवतच होतं आणि बसल्यावर त्याला जागा मिळाली, देव जाणे. एक वाजून पंधरा मिनिटं. बिजागऱ्या काढून दार उतरवावं म्हटलं, तर त्या रिव्हेटनं ठोकलेल्या, मीच ठोकलेल्या. दाराची कड कापावी तर काच तळापर्यंत. लोइसला फोन करून सांगता आलं असतं की पुढच्या आठवड्यात आण. पुढचा आठवडा हा शब्द मनात आला आणि मला स्वतःची शिसारी आली. पुढचा आठवडा, एक हिवाळा, सकाळी सहाला. नोव्हेंबरात ती पडली त्या दिवशीही ती त्याच खडीवरून परत येत होती. डॉक्टर म्हणाले, झटका आधी आला, मग ती पडली. खडीचा संबंध नाही. मी ते दोनदा विचारून घेतलं होतं.

गराजमध्ये गेलो. रंग खरवडायच्या दोन पत्र्या घेतल्या, हातोडा घेतला. कोट काढून खुंटीला लावला, टाय शर्टात खुपसली, गुडघ्याचे पट्टे शोधत बसलो नाही. नीट दाबलेल्या फरसबंदीतला पहिला ब्लॉक काढणं फार कठीण असतं. सगळे एकमेकांना धरून असतात. दोन्ही बाजूंनी पत्र्या घालून तो इकडून तिकडून हलवत मी वर आणत होतो आणि तो पुन्हा खाली बसत होता. माझ्या कामाचा मला पहिल्यांदाच राग आला, इतकं ते चांगलं झालं होतं. शेवटी तो सुटला. त्यानंतरचे हातानं निघतात. दार फिरेल तेवढा पाव वर्तुळाचा तुकडा मोकळा करायचा, एकेक ब्लॉक काढून बाजूला रचायचा. झुडपांपलीकडे यूजीनच्या मागच्या दाराचा आवाज झाला. तो अजून चर्चच्या कपड्यांतच होता, हातात कॉफीचा कप.

"हार्लन," तो म्हणाला, "अरे, आज—"

"ठाऊक आहे मला."

तो उभा राहिला. मी एक ब्लॉक काढला, दुसरा काढला. तो काहीतरी थट्टा करील म्हणून मी वाट बघत होतो, आणि केली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यानं विचारलं की हातभार लावू का. मी म्हटलं नको. हे मला एकट्यालाच करायचं होतं. तो आत गेला आणि थोड्या वेळानं त्याच्या स्वयंपाकघराचा पडदा हळूच ओढला गेला. माझ्याकडे बघायचं नाही म्हणून, की मला कोणी बघितलं असं वाटू नये म्हणून, कोण जाणे. पडद्याबद्दल मला तरी काही बोलायला तोंड नव्हतं.

एकतीस ब्लॉक निघाले. दार ओढलं तर ते खड्ड्यावरून अलगद फिरत गेलं आणि भिंतीला टेकलं. आतली ओलसर, कोंदट ऊब तोंडावर आली. खड्ड्यावर एक जाड फळी टाकून चाकांपुरती वाट केली. उठून उभा राहिलो, पँटचे दोन्ही गुडघे वाळूनं पांढरे झालेले, आणि सवयीनं घड्याळाकडे बघितलं. पाऊण तास झाला असेल असं मला वाटत होतं. मनातून मी बहुधा तशी आशाच करत होतो, की काम मोठं निघावं, अवघड निघावं. एक पस्तीस. वीस मिनिटं. नंतरचा सगळा वेळ मी रचलेल्या ब्लॉकांशेजारी उभा राहून काढला.

लोइस वेळेवर आली. खुर्ची घराच्या मागच्या दारातून बाहेर आली आणि फरसबंदीवरून सरळ, एकही हिसका न बसता, चौदा फूट आली. लोइस म्हणाली, "बाबा, काय गुळगुळीत झालंय." मी कडेला ठेवलेल्या दोन खुर्च्यांकडे तिनं कौतुकानं बघितलं. रीका बघत होती ते मात्र दारासमोरच्या खड्ड्याकडे, रचलेल्या ब्लॉकांकडे, मग माझ्या गुडघ्यांकडे. ती खूप बारीक झाली आहे. डावा हात पुढे करून तिनं माझ्या पँटवरची वाळू अंगठ्यानं घासून बघितली, ओली आहे की कोरडी ते बघावं तशी.

"आज केलंस," ती म्हणाली. शब्द हळू येतात, पण नीट येतात.

मी म्हटलं, दार अडकत होतं. उंची चुकली माझी.

"किती वेळ लागला?"

लोइस आमच्या दोघांकडे बघत होती. तिला यात विचारण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं. त्या मार्चमध्ये ती चार वर्षांची होती आणि जेवून झोपली होती. खोटं बोलावं असं मला वाटलं. तास-दीड तास म्हणावं. पण रीकाचा हात अजून माझ्या गुडघ्यावर होता.

"वीस मिनिटं," मी म्हटलं.

तिनं मान वर करून छपराकडे बघितलं, त्या दोन हिरवट काचांकडे. बराच वेळ बघितलं. चेहऱ्याची अर्धीच बाजू हलते, त्यामुळे ती हसली का ते मला सांगता येत नाही.

"मलाही तेवढंच वाटलं होतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, "रीका, मी त्या दिवशी..." आणि पुढे चौतीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं सगळं एकदम आलं आणि त्यातलं काहीच बाहेर पडेना. मला माफ कर एवढं साधं वाक्य होतं. ते मी म्हटलं, शेवटी म्हटलं, पण तोवर लोइसनं खुर्ची फळीवर घेतली होती आणि फळी करकरली. रीकानं ऐकलं असावं. आत टोमॅटोच्या रोपांपाशी खुर्ची थांबली तेव्हा ती वळून म्हणाली, "आता मला जरा एकटीला बसू दे. आणि दार लाव, ऊब जाते."

फळी आड येत होती म्हणून ती काढली आणि दार लावलं. ते कुठेही न अडकता लागलं. लोइस बटाटे शिजत घालायला घरात गेली. मी सूटमध्येच, वाळूनं भरलेल्या गुडघ्यांनिशी, फरसबंदीवरच्या दोन खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर बसलो. काचेतून ती पाठमोरी दिसत होती. तिनं डाव्या हातानं एका कुंडीतली माती चिमटीत घेतली, वास घेतला, आणि परत ठेवली. मग ती मागे वळून बघेल म्हणून मी बघत राहिलो. इथे ओढून घ्यायला पडदा नव्हता. ऊन कलायला लागलं, छपरावरच्या त्या दोन चौकोनांची हिरवट सावली रोपांच्या फळीवरून सरकत तिच्या खांद्यावर आली, आणि ती तशीच बसून होती.